बारा तास उलटले म्हणून सेव्ह उडवू नका

लातूरहून मावसभावाचा फोन आला. अकरावीला आहे, क्लास सुटल्यावर मिळेल तो तासभर मोबाइलवर फायनल फँटसी ९ हा गेम खेळतो. म्हणाला, "दादा, बावीस तास झालेत. आता सेव्ह उडवून पहिल्यापासून सुरू करायलो." सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला तिथवरची साठवलेली नोंद. का, म्हणून विचारलं तर त्यानं एक मेसेज पाठवला. तोच मेसेज मला परभणीच्या दोन मित्रांकडूनही आला होता. मजकूर थोडक्यात असा: १२ तासांत गेम संपवला नाही तर एक्सकॅलिबर २ ही तलवार कायमची जाते, ती नसेल तर शेवटचा शत्रू पडत नाही, म्हणून १२ तास उलटलेला सेव्ह कचरा, उडवा आणि नव्यानं सुरू करा.

यातला एक तुकडा खरा आहे, तो आधी मान्य करतो. तलवारीला वेळेची अट आहे आणि ती अट मोडली की त्या सेव्हमध्ये तलवार पुन्हा मिळत नाही. बाकी सगळं चुकीचं आहे.

पहिली गोष्ट, १२ तासांत गेम संपवायचाच नाहीये. चौथ्या डिस्कवर, म्हणजे गेमच्या शेवटच्या भागात, मेमोरिया नावाची जागा येते. तिथं लिच नावाच्या रक्षकाशी जिथं लढाई होते, तिथल्या खांबामागं ही तलवार असते. घड्याळात १२ तास व्हायच्या आत तिथवर पोचायचं, एवढीच अट. तलवार हातात आली की घाई संपली. मेमोरियातून बाहेर पडता येतं, चोकोबो या मोठ्या पक्ष्यावर बसून फिरता येतं, ओझ्मा या बलाढ्य शत्रूशी झुंजता येतं. घड्याळ मग शंभर तासांवर गेलं तरी तलवार कुठं जात नाही.

या घड्याळाबद्दल आणखी एक गैरसमज आहे: हरलात, वीज गेली, फोन बंद पडला, तर तो वेळही मोजला जातो म्हणे. नाही जात. गेमचा वेळ सेव्हसोबत साठवला जातो, आणि सेव्ह उघडला की काटा सेव्हच्या वेळेवर परत येतो. हे मी परभणीत भारनियमनाच्या दिवसांत शिकलो. तासावर प्लेस्टेशन देणारं एक दुकान होतं, पत्र्याचं छत, मे महिन्यात आत नुसती भट्टी. लढाई रंगात आली की वीज जायची, टीव्हीवर एक पांढरा ठिपका उरायचा आणि सगळी पोरं एकदम ओरडायची. वीज आली की मी आधी सेव्हवरचा वेळ बघायचो. वहीत लिहिलेला आकडा आणि तिथला आकडा जुळायचा, एका मिनिटाचाही फरक नसायचा. म्हणून ज्यांना ही तलवार हवीच आहे त्यांनी दोन सेव्ह ठेवावेत. एखादा टप्पा रेंगाळला तर मागचा उघडावा.

आता दुसरा दावा, तलवारीशिवाय शेवटचा शत्रू पडत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण याच भीतीनं पोरं सेव्ह उडवतात. एक्सकॅलिबर २ ची ताकद १०८ आणि रॅग्नारॉक या दुसऱ्या तलवारीची ८७. फरक आहे, नाकारत नाही. पण या गेममध्ये एका फटक्याला ९९९९ च्या वर नुकसान होतच नाही. स्टाइनर या तलवारबाज पात्राचा 'शॉक' हा वार नीट वाढवलेल्या स्टाइनरच्या हातून साध्या तलवारीनंही त्या मर्यादेला भिडतो. आणि शॉक शिकवते कोण? रॅग्नारॉक. तिला वेळेची कसलीही अट नाही, चोकोबोबरोबर चोकोग्राफचा, म्हणजे खुणेच्या चित्रांवरून शोधायचा, खजिना शोधत गेलं की ती सापडते. तीही नको असेल तर ट्रेनो शहरातल्या लिलावातली एक वस्तू डॅगेरिओ नावाच्या ठिकाणच्या म्हाताऱ्याला द्या, तो साधी एक्सकॅलिबर देतो, ताकद ७७. शिवाय एक्सकॅलिबर २ फक्त स्टाइनर पेलू शकतो. आठ पात्रांतला एक. नेक्रॉन, म्हणजे त्या शेवटच्या शत्रूसमोर उभे राहतात ते चौघं, त्यातल्या तिघांना एक्सकॅलिबर २ चा काडीचाही उपयोग नाही.

घाईची किंमत काय, हे तो मेसेज सांगत नाही. शहरातून जाताना दुसरीकडं काय चाललंय ते दाखवणारे छोटे प्रसंग येतात. १२ तासांच्या मागं लागलेला माणूस ते सोडत जातो. काळ्या जादूगारांच्या गावात एक लहानशी दफनभूमी आहे. हलायचे 'थांबलेले' सोबती तिथं पुरलेत, आणि पुरणं म्हणजे नेमकं काय हेच ज्यांना उमजलेलं नाही असे जादूगार तिथं वावरतात. विवी हा छोटा काळा जादूगार तिथं जे ऐकतो, ते धावताना कळत नाही. पहिल्या तीन डिस्कवरच्या कितीतरी जागा कथेच्या ओघात मागं पडतात, मेमोरियातून परत फिरून त्या सगळ्या सापडत नाहीत.

तरी घाईनं खेळणाऱ्यांना मी वेडे म्हणणार नाही. पात्रांची लेव्हल वाढताना अंगावर जी साधनं असतील त्यांनुसार गुण वाढतात. त्यामुळं कमी लेव्हलवर मेमोरिया गाठून, तलवार घेऊन, मग चांगल्या साधनांनिशी लेव्हल वाढवणारे खेळाडू आहेत. ती विचारपूर्वक आखलेली खेळी असते. २००० साली प्लेस्टेशनवर ते फार अवघड होतं, मधली व्हिडिओ दृश्यं टाळता येत नव्हती म्हणून ती वगळायला लोक कन्सोलचं झाकण उघडायचे. २०१६ पासून मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर वेग वाढवायची, वाटेतल्या लढाया बंद करायची सोय आहे. म्हणजे तलवार हवीच असेल तर दुसऱ्या खेपेला निवांत मिळेल, पहिली खेप पुसायची गरज नाही.

भावाला मी फोनवरच थांबवलं. सेव्ह अजून उडवला नव्हता. त्याला म्हटलं, रिकामी जागा आहे ना, तिथं नवा सुरू कर हवं तर, पण हा राहू दे. काल रात्री त्याचा फोटो आला: घड्याळात चोवीस तास, चोकोबो चोचीनं जमीन उकरतोय.