भूखंड पडून राहील याची काळजी घ्या

शहराचा कारभार नुकताच तुमच्या हाती आला असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. जागा आपोआप पडीक राहत नाही, त्यासाठी खपावं लागतं. चार खात्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंडही न पाहता काम केलं, तरच कोपऱ्यावरच्या त्या भूखंडात राडारोडा, फुटके कमोड, फाटक्या गाद्या आणि बिनचाकांची एक मोटार असा ऐवज जमतो.

मालक कोण, हे शोधू नका. कर खात्याच्या दप्तरात कधीच वारलेल्या आजोबांचं नाव असू द्या. नोंदणी खात्यात एखाद्या कंपनीचं असू द्या, जिचा पत्ता म्हणजे परगावातली एक टपालपेटी. आरोग्य खात्याने तिसऱ्याच नावाने नोटीस काढावी आणि ती त्या रिकाम्या भूखंडाच्याच पत्त्यावर पाठवावी. 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन ती परत आली की फाइलला लावा. या तिन्ही याद्या एका तक्त्यात आणण्याची दुर्बुद्धी एखाद्या तरुण कारकुनाला झालीच, तर त्याची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत करा.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नादी तर मुळीच लागू नका. तिथे 2017 पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर आहे आणि घर वापरात आहे की नाही, याचं घोषणापत्र मालकाने दरवर्षी भरायचं असतं. नाही भरलं तर घर रिकामंच धरतात आणि कर लावतात. शोधाशोधीचं सगळं ओझं मालकाच्या गळ्यात! मग आपल्या नोटिसा परत येणार कशा?

आता करआकारणी. इथे तुमची खरी कसोटी आहे. जो बांधतो, रंगवतो, दुरुस्त करतो त्याचा कर वाढवा. जो काहीच करत नाही त्याचा कमी ठेवा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने 1913 पासून उलटा प्रयोग केला होता. जमिनीवर चढा दर, बांधकामावर उतरता. जमीन अडवून बसणं महाग पडावं, हा त्यामागचा विचार. 2001 मध्ये मूल्यांकन नव्याने झालं, ओरड झाली आणि ती पद्धत गुंडाळली गेली. तुम्ही मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं वाचवा, थेट गुंडाळण्यापासून सुरुवात करा.

मात्र या शास्त्रातला सर्वात देखणा नियम जपानचा. घर उभं असलेल्या छोट्या निवासी जमिनीचं मूल्य मालमत्ता करासाठी एक षष्ठांश धरायचं. हेतू उत्तम, लोकांनी घरं बांधावीत. पण घर पाडलं की सवलत संपते. आईवडील गेले, मुलं दूरच्या शहरात, छप्पर खचलेलं, भिंतीतून झाड निघालेलं. तरी पाडायला पदरचे पैसे घालायचे आणि वर वाढीव कर भरायचा, असा वेडेपणा कोण करील? 2023 च्या पाहणीत तिथे 90 लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या 13.8 टक्के. सगळीच काही करापायी नाहीत, जवळपास निम्मी तर भाडेकरूची वाट पाहणारी आहेत. पण मोडकळीला आलेल्या घरांनाही वाचवणारा कायदा करणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. 2015 मध्ये त्यांनी धोकादायक घरांची सवलत काढून घेण्याची सोय केली आणि मजा थोडी कमी केली, एवढंच.

थकबाकीचं घोंगडं भिजत ठेवा. दंडावर व्याज, व्याजावर दंड, असं करता करता रक्कम जागेच्या किमतीपुढे गेली की ती भरण्याचा मोह कोणालाच उरत नाही. मग निवडणुकीच्या तोंडावर दंडमाफी जाहीर करा. वेळेवर कर भरणाऱ्यांना आपण मूर्ख ठरलो हे कळेल आणि पुढच्या खेपेला तेही थांबतील.

थकबाकीदार बडा असेल तर चर्चा करा; म्हातारी बाई असेल तर जप्ती. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका वृद्धेच्या घराचा सुमारे 2,300 डॉलरचा कर थकला होता, तो दंड-व्याजासह 15 हजारांवर गेला. तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, घर 40 हजारांना विकलं आणि वरचे 25 हजारही खिशात घातले. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की असं करता येत नाही. तेव्हा बाई 94 वर्षांच्या होत्या. वसुलीचा उत्साह कसा असावा, याचा हा वस्तुपाठ.

लिलाव करायचाच झाला तर अमेरिकेतल्याच डेट्रॉईट शहरासारखा करा. बाजार कोसळला तरी घरांचं मूल्य चढंच धरा. तिथल्या एका वृत्तपत्राच्या हिशेबाने 2010 ते 2016 या काळात घरमालकांना किमान 60 कोटी डॉलर जादा कर लागला. तो न भरणाऱ्यांची घरं 500 डॉलरच्या बोलीपासून विका. घेणारा गठ्ठ्याने घेईल, भाडं खाईल, कर बुडवील, आणि घर पुन्हा लिलावात येईल. खात्याला काम राहतं.

अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचं नाव मात्र बैठकीत कोणी काढू नये. तिथे पडीक भूखंडांवरचा कचरा उचलला, जमीन सपाट केली, हिरवळ आणि थोडी झाडं लावली, भोवती आत शिरता येईल असं बुटकं लाकडी कुंपण घातलं. बस. 2018 मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 541 भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून गटवारी केली होती, आणि अत्यंत गरीब वस्त्यांत जागा साफ केल्यावर गोळीबार 29 टक्क्यांनी घटला. अशा कामाचं उद्घाटन तरी काय करणार? बुटक्या कुंपणाला फीत बांधली तर साहेबांना वाकावं लागेल.

शेवटचं संकट म्हणजे शेजारी. कित्येक वर्षं स्वतःच्या यंत्राने त्या भूखंडातलं गवत कापणारा हा गृहस्थ एक दिवस 'जागा मला विका' म्हणून येतो. डेट्रॉईटच्या भूमी-पेढीने, म्हणजे पडीक जागा ताब्यात घेऊन विकणाऱ्या सरकारी संस्थेने, घराला लागून असलेले असे तुकडे शेजाऱ्यांना 100 डॉलरला देऊन वाईट पायंडा पाडला आहे. तुम्ही त्याला शांतपणे सांगा, की जागा अतिरिक्त जाहीर झाल्याखेरीज विकता येत नाही, मोजणी झाल्याखेरीज अतिरिक्त जाहीर होत नाही, आणि मोजणीचा अर्ज मालकाने करायचा असतो. अर्जावर आवक क्रमांक टाकून पोच द्या. आणि तो निघताना आठवण करा, की मंजुरी येईपर्यंत तिथलं गवत कापणं हे अतिक्रमण समजलं जाईल.