पाणी कोणाचं वापरता ते महत्त्वाचं
आफ्रिकेतल्या कोरड्या नामिबियात प्यायलाच पाणी पुरत नाही तर ग्रीन हायड्रोजन (ऊन-वाऱ्याच्या विजेनं पाण्यातून काढलेलं इंधन) कशाला, असा प्रश्न एका लेखात वाचला, तो बरोबर आहे पण हिशोब बघा ना, १ किलो हायड्रोजनला निव्वळ ९ लिटर पाणी लागतं (कूलिंगचं वेगळं) अन् वीज ५० युनिटच्या आसपास, त्यापुढं समुद्राचं पाणी गोड करायची वीज काहीच नाही, १००० लिटरला ३-४ युनिट. भीती वेगळीच आहे, प्लांटला पाणी अन् गाव तहानलेलं असं नको व्हायला. आमच्या नागपुरात भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात, तेवढं पिण्याचं पाणी वाचतं. विदर्भात ऊन तर बाप्पा विचारूच नका, इथं असे प्लांट आले तर धरणाला हात न लावता सांडपाण्यावरच चालवा, टेंडरमध्येच अट टाका.