खुलासा: व्होकलीझची सुरुवात जॉन हेन्ड्रिक्स यांनी केली नाही

‘अमेरिकी जॅझ गायक आणि गीतकार जॉन हेन्ड्रिक्स (१९२१–२०१७) यांनी स्कॅट आणि व्होकलीझ हे गायनप्रकार शोधले’ असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

स्कॅटमध्ये गायक अर्थहीन अक्षरांवर आयत्या वेळी सुरावट रचतो. ते १९२० च्या दशकातच रेकॉर्डवर आले होते. व्होकलीझ याच्या अगदी उलट: वादकाने आधीच रेकॉर्ड केलेला सोलो (एकट्याने वाजवलेला भाग) घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक स्वराला शब्दाचे अक्षर बसवायचे. इथे आयत्या वेळी काहीच सुचवायचे नसते. श्वास नेमका कुठे घ्यायचा हीच खरी अडचण, कारण पियानोवादकाला श्वासासाठी थांबावे लागत नाही. जेम्स मूडी यांच्या १९४९ च्या सॅक्सोफोन सोलोवर शब्द रचले ते गायक एडी जेफरसन यांनी. गायक किंग प्लेझर यांनी ते १९५२ मध्ये रेकॉर्ड करून लोकप्रिय केले.

मग हेन्ड्रिक्स यांचे श्रेय कशाचे? एकट्या सोलोऐवजी अख्ख्या बँडला शब्द देण्याचे. १९५७ मध्ये जॅझ बँडप्रमुख काउंट बेसी यांच्या बँडच्या रचना गाण्यासाठी आणलेल्या गायकवृंदाला स्विंग (जॅझची झुलती लय) जमेना. तेव्हा डेव्ह लॅम्बर्ट, अ‍ॅनी रॉस आणि हेन्ड्रिक्स या तीन गायकांनीच आपल्याच आवाजावर पुन्हा आवाज रेकॉर्ड करत सगळे भाग गायले. त्या सुरावटी मात्र हेन्ड्रिक्स यांच्या नव्हेत, शब्द त्यांचे. त्यामुळे त्यांना सरसकट ‘संगीतकार’ म्हणणेही सैलच. पुढे २००० पासून त्यांनी अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात जॅझ शिकवले.