साध्या राहणीचा मजूर

आमच्या घरात साध्या राहणीचे दोन पंथ सुखाने नांदतात आणि दोन्ही पंथांचा मजूर मी आहे. पहिला पंथ माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. दुसरा चिरंजीवांचा, जे पुण्यातली नोकरी आता घरबसल्या करता येते म्हणून सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या घरी परतले आणि येताना लॅपटॉपबरोबर निसर्गही घेऊन आले. दोघांचेही म्हणणे वरवर एकच आहे की, माणसाने थोडक्यात जगावे. परंतु अण्णा नवी वस्तू घरात येऊ देत नाहीत आणि जुनी बाहेर जाऊ देत नाहीत, तर चिरंजीव जुनी वस्तू बाहेर काढून तिच्या जागी तिचीच नैसर्गिक आणि बरीच महाग आवृत्ती आणून ठेवतात.

अण्णांची काटकसर वाचनातून आलेली नाही. ते मूळचे आटपाडीचे. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा माणदेशी, कोरडा मुलूख १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता, आणि आंघोळीचे पाणी परसातल्या झाडाला न घालणाऱ्या माणसाला तिथे उधळ्या म्हणत असत. १९७२ च्या दुष्काळात अण्णांनी खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या गिळल्या आहेत. असा माणूस टूथपेस्टच्या ट्यूबवरून लाटणे फिरवू लागला, तर त्याला हसण्याची छाती कोणाची होणार? दुधाच्या रिकाम्या पिशव्या ते धुऊन, दोरीवर वाळवून, गठ्ठे बांधून भंगारवाल्याला किलोवर घालतात. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवतात. घरचा हिशेब लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहितात, त्यामुळे लग्नसराईत आमच्या घरी स्टेशनरीची चंगळ असते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्याचा वारसा आपल्याकडे थेट गादीवरून आलेला आहे, असे अण्णा मानतात. नमस्कारांना पैसे पडत नाहीत, हे त्यांच्या मते त्या व्यायामाचे सर्वांत आरोग्यदायी अंग आहे.

चिरंजीवांचा पंथ शास्त्रावर उभा आहे. त्यांनी आल्या आल्या कपडे धुण्याची पावडर हद्दपार केली आणि रिठे आणले. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, त्याने फेस होतो आणि मळ सुटतो. शिवाय आमच्या बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा जसा साका धरतो, तसा रिठ्याचा धरत नाही. हे सर्व खरे आहे. मात्र रिठे फोडून बिया वेगळ्या करणे, साली रात्रभर भिजवणे, सकाळी उकळणे, निवल्यावर कुस्करणे, गाळणे आणि ते पाणी काही दिवसांत आंबते म्हणून हे सारे पुन्हा पहिल्यापासून करणे, ही कामे सॅपोनिन करत नाही. सकाळी चिरंजीवांची मीटिंग असते, अण्णांचे नमस्कार असतात आणि सौभाग्यवतींची शाळा असते. मी नुकताच सेवानिवृत्त झालेलो असल्यामुळे चिरंजीवांच्या हिशेबात माझी गणना सौरऊर्जेशेजारी, म्हणजे फुकट आणि न संपणाऱ्या साधनांत होते.

रिठे उकळताना अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. “कापडं धुवायला गॅस जाळायचा? गॅस काय कृष्णेतनं वाहत येतोय व्हय रं?” हा प्रश्न ते मला विचारतात, कारण नातवाला विचारला तर तो उत्तर देतो.

पितळी पातेल्यांचे प्रकरण याहून नाजूक होते. चिरंजीवांनी नॉनस्टिकची भांडी काढून टाकली आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून पितळी पातेली आणली. अण्णांनी एक पातेले हातात घेऊन वाजवले, उलटे करून त्यावर कोरलेले कोणाचे तरी नाव वाचले आणि शांतपणे सांगितले की, अशीच पातेली त्यांनी तरुणपणी मोडीत घालून स्टीलची घेतली होती, आणि मोडीत तेव्हा जे पैसे मिळाले ते आठवून त्यांना आजही वाईट वाटते. मग त्यांनी नातवाला आजची किंमत विचारली. नातवाने ती सांगितली. त्या दुपारी अण्णा जेवले नाहीत.

पितळेत आमटी कळकू नये म्हणून कल्हई लागते आणि कल्हईसाठी कल्हईवाला लागतो. पूर्वी तो गल्लीत ओरडत येत असे. आता त्याच्यासाठी मला ओरडत फिरावे लागले. गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानदारांनी मला एकमेकांकडे पाठवले आणि शेवटी मिरजेत एक म्हातारे कारागीर सापडले. कथिलाचा तुकडा फिरवून, नवसागराचा पांढरा धूर काढत त्यांनी पातेल्याच्या पोटात चांदी उतरवली, हे मात्र बघण्यासारखे होते आणि मी त्यासाठी पुन्हा जायला तयार आहे. जायचेच आहे म्हणा, कारण कल्हई उडते. “केटरिंगचा धंदा काय?” असे त्यांनी विचारले. घरच्या आमटीसाठी, असे मी सांगितल्यावर त्यांनी पैसे थोडे कमी घेतले.

खपली गव्हाच्या पोळ्यांबद्दल मी फार लिहीत नाही. खपली सणाला खिरीसाठी असते, हे आमच्या भागात पोरासोरांना माहीत आहे. तिच्यातले ग्लुटेन दुबळे असल्यामुळे पोळी लाटताना फाटते आणि फाटलेली पोळी पचायला हलकी असते, असे चिरंजीव सांगतात.

खरा कस लागला तो फरशी पुसण्याच्या द्रवात. बाजारातले फिनेल बंद करून घरीच बायोएन्झाइम करायचे ठरले. एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी आणि तीन महिन्यांचा धीर, इतकेच त्याचे साहित्य. साली फुकट मिळाल्या, कारण ज्यूसवाल्याकडून मोसंबीच्या सालींची पिशवी मीच घेऊन येत होतो. गुळाला मात्र अण्णांचा सक्त विरोध होता. ज्या सांगलीच्या बाजारात गूळ आणि हळद यांच्यावर पेढ्या उभ्या राहिल्या, त्या गावात गुळाने फरशी पुसणे हे त्यांना पाप वाटत होते. त्यांनी एका पत्रिकेच्या पाठीवर गुळाचा आणि फिनेलच्या बाटलीचा भाव शेजारी शेजारी लिहून ती पत्रिका फ्रिजला लावली. चिरंजीवांनी तिच्याखाली ‘नद्यांची किंमत धरलेली नाही’ असा शेरा मारला.

हे मिश्रण आंबताना पहिला महिनाभर कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्यावा लागतो. हे काम रात्री झोपण्यापूर्वी करायचे असे ठरले आणि कोणी करायचे हे ठरवण्याची कोणाला गरज वाटली नाही. प्लास्टिक निषिद्ध असल्यामुळे मिश्रण काचेच्या बरणीत भरले होते. तासगावला एका लग्नासाठी मी मुक्कामी गेलो आणि दुसऱ्या रात्री बरणी फुटली. आवाज शेजाऱ्यांच्या दोन घरांपर्यंत गेला. अण्णा “सिलिंडर!” असे ओरडत अंगणात आले, समोरच्या काकूंनी त्यांच्या घरचा मुख्य स्विच बंद केला, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या छताला मोसंबीच्या साली चिकटल्या. मी परत आलो तेव्हा ओटा, भिंती आणि फरशी गुळाच्या पाण्याने चिकट झालेली होती आणि मुंग्यांना बातमी लागलेली होती. ती सर्व घाण शेवटी कशाने निघाली, हे चिरंजीवांना आजतागायत माहीत नाही. सौभाग्यवतींनी समोरच्या काकूंकडून वाटीभर फिनेल आणले होते.

चिरंजीवांनी घटनेचे विश्लेषण करून दोन निष्कर्ष काढले. “बाबा, तुम्ही नसाल तेव्हा बॅकअप हवा,” हा पहिला. तो बॅकअप कोण, यावर चर्चा झाली नाही. दुसरा निष्कर्ष असा की, वायूच्या दाबाने काच फुटते, म्हणून अशा कामाला प्लास्टिकची बाटलीच बरी. प्लास्टिकमुक्त घरात प्लास्टिकची बाटली कोठून आणायची, हा पेच पडला, तेव्हा अण्णा उठले, खोलीत गेले आणि आपल्या पलंगाखालून कोकमपासून काढ्यापर्यंतच्या रिकाम्या बाटल्यांचे पोते ओढत बाहेर आले. धुतलेल्या, वाळवलेल्या, झाकणे लावलेल्या. त्यांनी बाटल्या दिल्या, पण प्रत्येक बाटलीमागे अनामत रक्कम घेतली, आणि ती माझ्याकडून घेतली.

तेव्हापासून दोन्ही पंथांत सलोखा वाढू लागला आहे, आणि ही गोष्ट मला काळजीची वाटते. परवा दोघे फ्रिजसमोर बराच वेळ उभे होते. विजेचे बिल, असे अण्णा म्हणाले. शिळे अन्न, असे चिरंजीव म्हणाले. सांगलीचा एप्रिल कोरडा असतो, माठातून झिरपलेले पाणी वाऱ्याने सुकते आणि आतले गार होते, हे दोघांनी एकमेकांना समजावून सांगितले. पावसाळ्यात हवाच ओली असल्यावर माठाने काय करायचे, ही माझी शंका दोघांनीही ऐकली नाही. गुढीपाडव्यापासून फ्रिज बंद राहील. तशी योजना एका गुळगुळीत, सोनेरी कडेच्या पत्रिकेच्या पाठीवर तयार झाली आहे. मजकूर चिरंजीवांचा, अक्षर अण्णांचे. सकाळ-संध्याकाळ दूध तापवणे, रोज मंडईतून ताजी भाजी आणणे, माठ घासून भरणे, विरजण सांभाळणे, अशी कामे ओळीने लिहून प्रत्येकासमोर नाव घातले आहे, आणि नाव सगळीकडे एकच असल्यामुळे पहिल्या ओळीनंतर नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा आहेत. खाली अण्णांची आणि चिरंजीवांची सही आहे. माझ्या सहीसाठी जागा सोडलेली नाही.