गाडी येते की!

हिमाचलातल्या कुंझुम खिंडीतून चंद्रताल तलावाला पायवाट जाते, साधारण दहा किलोमीटर. परवा ती चाललो. निसर्गवर्णन करणार नाही, कारण बहुतेक वेळ मी स्वतःचे बूटच बघत होतो. 4,300 मीटरच्या आसपास हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. दुसऱ्यांदा बांधायला बसलो तो बसूनच राहिलो.

शेवटचं वळण संपलं आणि खाली चंद्रकोरीसारखा निळाशार तलाव. डोळ्यांत पाणी आलं. (वाऱ्यानं.) तेवढ्यात मागून अस्सल मराठीत आवाज आला, "अहो, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

काका. कानटोपी, स्वेटर, आणि मोजा अंगठ्यापाशी चिमटून आत कोंबलेली चप्पल. चप्पल!

"चालत आलात?"

"हो. कुंझुमपासून."

"गाडी बंद पडली का?"

"नाही, मुद्दाम."

"पण गाडी येते की इथपर्यंत!" काकांनी मागे वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? हे मुद्दाम चालत आले!"

काकूंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "नवस होता का?"

"पार्किंगपासून आम्हीही चाललो हं," काका म्हणाले. "किलोमीटरभर तरी असेल. जीव गेला नुसता!" आणि माझ्या हातात फोन दिला. पाठीवरची सॅक न उतरवता मी बावीस फोटो काढले. काकू ओढणी उडवताना, काका हातात डोंगर धरताना. "चप्पल येऊ देऊ नका हं त्यात." म्हणजे लाज होती तर!

हा तलाव 2005 पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या जपायच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. स्पीकरला मात्र नसावी, कारण पलीकडे कुणाची तरी ढोलकी वाजत होती आणि पाण्याकडेला वेफर्सच्या पिशव्या चमकत होत्या. शांततेसाठी दहा किलोमीटर तंगडतोड करणारा माणूस मूर्ख असतो, मान्य. पण ते गाडीतून उतरलेल्यानं सांगू नये.

परतायची वेळ झाली आणि उजव्या गुडघ्यानं संप पुकारला. शेवटी काकांच्याच गाडीत, मागे, सॅक मांडीवर घेऊन बसलो. काकांनी ड्रायव्हरला माझी ओळख करून दिली, "ये चलके आया. मन्नत था."

ड्रायव्हरनं आरशातून मला हात जोडले. मीही जोडले.