फोटो बघून देवगांडुळाची जात सांगणाऱ्यांनो, जरा दमानं

पाऊस लागला की कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देवगांडुळाचे, म्हणजे मातीत राहणाऱ्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या प्राण्याचे फोटो सुरू होतात, कुणी राधानगरीतनं टाकतंय कुणी आजऱ्यातनं, आणि खाली लगेच वाळा आहे, मांडुळाचं पिल्लू आहे, नाहीतर एखादा थेट सायंटिफिक नावच ठोकून मोकळा. साप म्हणणाऱ्यांना मी माफ करतो, कारण प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनंपण १७५८ ला याला सापांतच घातलेलं, पुढं १८३१ ला म्युलर नावाच्या शास्त्रज्ञानं इक्थिओफिसच्या (हा देवगांडुळांचाच एक गट) पिल्लाला कल्ल्यांची भोकं बघितली आणि मग हे बेडकाच्या गोतातलं उभयचर ठरलं.

माझा राग त्या नाव ठोकणाऱ्यांवर आहे. अरे जात ठरवायला अंगावरच्या वळ्या मोजाव्या लागतात, दात बघावे लागतात, शेपूट आहे का नाही, डोळा कवटीच्या हाडाखाली गेलाय का, डोळा आणि नाकपुडीच्या मधी ते बारीक टेंटॅकल (चाचपायची सोंड) नेमकं कुठं आहे... चिखलात माखलेल्या जनावराच्या वरनं काढलेल्या फोटोत यातलं काय दिसणार, कप्पाळ? इक्थिओफिस का गेगेनिओफिस, म्हणजे कुठल्या गटातलं, एवढं कळलं तरी लई झालं, तिथंच थांबा की.

आणि "नावं सारखी बदलतात, काय उपयोग" हेपण सोडा आता. आपलं गेगेनिओफिस आणि खंडाळ्याचं इंडोटिफ्लस (देवगांडुळांचा आणखी एक गट) आधी सिसिलिइडी नावाच्या कुळात, म्हणजे अडगळीच्या खोलीत पडून होते, २०११ ला विल्किन्सन आणि मंडळी या संशोधकांनी ते कुळ फोडलं आणि हे दोघं इंडोटिफ्लिडी या कुळात गेले, कुणासोबत? तर सेशल्स बेटांवरच्या देवगांडुळांसोबत! खारं पाणी यांना सोसत नाही, समुद्र पोहून कोण जाणार, पण सेशल्स भारतापासनं सुटलं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हे लक्षात घेतलं की सोयरीक जुळते. ईशान्य भारतातलं एक तर १९०४ पासनं माहीत होतं, गेगेनिओफिस म्हणूनच धरलेलं, २०१२ ला त्याचं चिकिलिडी हे वेगळंच कुळ निघालं आणि जवळचे नातेवाईक आफ्रिकेत. हे फोटोवर नाही कळलं, हाडं आणि डीएनए तपासून कळलं.

आता बघा, आंबोलीतनं २००३ ला गेगेनिओफिस डॅनिएली, कोयनेजवळच्या हुंबरळीतनं २००४ ला इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस, अशा दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या. मधी कोण? आपला जिल्हा. गगनबावडा, दाजीपूर, सगळा ओला घाट. इथं नीट शोधायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, पण आपण कमेंटमधी भांडतोय.

तोवर एवढं करा, डोक्याचा बाजूनं एक आणि शेपटाकडचा खालनं एक असे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, जागा लिहा, आणि ओल्या हातानं उचलून परत त्याच मातीत सोडा. ॲडमिननी जागा नसलेला फोटो सरळ उडवावा.