आधी ठरव म्हणे!

आज पणजीत एका कविसंमेलनात कॉलेजातल्या एका मुलीने परग्रहावरच्या पावसाची कविता वाचली. चांगली होती. अध्यक्षांनी माईक ओढून सगळ्यांदेखत तिला सुनावलं, "आधी ठरव, कवयित्री व्हायचंय की विज्ञानकथा लिहायच्यात." पोर मान खाली घालून बसली. मीही गप्प राहिलो, तेच जास्त खुपतंय. बाणस्तारीचा पूल ओलांडून फोंड्याला पोचलो तरी राग उतरलेला नाही.

विज्ञानकथांसाठी गाजलेल्या अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनने कधी ठरवलं होतं? १९५९ साली तिचं पहिलं काही छापून आलं, ती कविता होती. दहा वर्षांनी आलेल्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या परग्रहावरच्या कादंबरीने ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार पटकावले.

बारावीच्या पावसाळ्यात तीच कादंबरी मी आजीला वाचून दाखवली होती. करंट गेलेला, कंदील लावलेला. बोलणं कोंकणीत, वाचन मराठीत अशा आमच्या घरात इंग्रजी पुस्तक. मी वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होतो. दोघेजण ८० दिवस बर्फावरून घसरगाडी ओढत जातात. चातुर्मासात पोथी वाचणारी माझी आजी, तिने बर्फ कधी पाहिला नव्हता. मी थांबलो की कोंकणीत विचारायची, "मागीर?" म्हणजे, मग पुढे?

ही विज्ञानकथा की काव्य, हे तिने एकदाही विचारलं नाही!

खरं आहे, ले ग्विनच्या कविता कादंबऱ्यांइतक्या गाजल्या नाहीत. नसतील. म्हणून लिहायच्याच नव्हत्या? मुलांसाठी तिने जादूगारांची बेटं रचली, निबंध लिहिले, प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ त्सू इंग्रजीत आणला. वडील मानववंशशास्त्रज्ञ, म्हणून असेल, तिच्या परग्रहांवर यंत्रांआधी माणसांच्या चालीरीती दिसतात. कप्प्यात कोंबू नका, माझे हात चहूबाजूंनी बाहेर येतात, अशा अर्थाचं ती एका मुलाखतीत म्हणाली होती. २०१८ च्या जानेवारीत ती गेली आणि त्याच वर्षी तिचा शेवटचा कवितासंग्रह आला. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली, तोवर ठरवलं नाही हो तिने!

आणि हे गोव्यात ऐकवता? बाकीबाब बोरकरांनी मराठीतही लिहिलं, कोंकणीतही. आपण दोन्ही कविता पाठ केल्या.

अध्यक्ष वयाने मोठे आहेत, हेतू वाईट नसेल. पण त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. ती तिसऱ्या कडव्यावर होती, पुढे अजून दोन पानं हातात दिसत होती. तिला ओळखणारं कुणी इथे असेल तर एवढा निरोप द्या: फोंड्यातल्या एका माणसाला पुढचं ऐकायचंय.

मागीर?